शेजारची सीट

बाबा गेले त्या दिवशी घरात सगळ्यांत मोठ्याने रडली ती एक परकी बाई. त्यांच्या लेकीच्याच वयाची, अंगात साधा निळा सदरा, पायांत मात्र पोलिसी बूट. आली ती थेट बाबांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "बाबा, उठा ना." खोलीतली कुजबुज एकदम थांबली.

आत्याने आईच्या कानाशी तोंड नेलं. "वहिनी, ही कोण? दादाला आणखी एक मुलगी आहे, हे कधी कुणी बोललं नाही ते!"

"अहो वन्सं, कामावरची आहे ती. त्या साध्या गाडीतली जोडीदारीण."

आत्याचं समाधान झालं. लेकीचं झालं नाही.

बाबा वाहतूक पोलिसात होते. उमेदीची वर्षं चौकात शिट्टी फुंकण्यात गेली आणि शेवटची साध्या गाडीत. साधी गाडी म्हणजे दिसायला तुमच्याआमच्यासारखी. राखाडी रंग, अंगावर ना पट्टा ना अक्षर, टपावर दिवा नाही. दिवा पुढच्या जाळीमागे दडवलेला, कॅमेरा आरशामागे, आणि आत साध्या कपड्यांतले दोघे. पट्ट्यापट्ट्यांची गाडी दिसली की हमरस्त्यावर सगळेच साधुसंत होतात. साध्या गाडीला मात्र लोक खुशाल हॉर्न मारत, हातवारे करत ओलांडून जातात आणि पुढच्या वळणावर घाम पुसत उभे राहतात. त्यासाठी गाडी संसारी दिसायला हवी. म्हणून साहेबांनी ही जोडी लावली होती, बाप आणि लेक. जोडीदारिणीने त्यांना बाबा म्हणायचं, हा कामाचाच भाग होता.

गाडी घरगुती वाटावी म्हणून बाबांनी मागच्या काचेपाशी एक उशी नेऊन ठेवली होती. लाल चौकटींची, शाळेत शिवणाच्या तासाला लेकीने शिवलेली, एक कोपरा कायमचा वाकडा. हे आईच्या तोंडून कळलं तेव्हा लेकीच्या मस्तकात तिडीक गेली.

"माझी उशी?"

"तुझी कसली? तू कधी डोकं ठेवलंस तिच्यावर?"

ते खरं होतं, आणि त्यानेच राग आणखी वाढला. घरी बाबा म्हणजे दाराशी काढलेले बूट, टीव्हीसमोरची डुलकी आणि "जेवलीस का?" एवढा प्रश्न. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून गाडीतून फिरली होती, पण पुढे पुढे दोघांचे शब्दच आटले. ते आटलेत असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आता कळत होतं की ती परकी बाई दिवसच्या दिवस त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसत होती. एवढा वेळ माणूस गप्प कसा बसेल? काहीतरी बोललेच असतील. जे बोलले ते सगळं तिच्याकडे होतं.

लेकीकडे फक्त एक गोष्ट होती.

ती ग्रंथालयात काम करायची. तिच्या खोलीची एक भिंत पुस्तकांची होती आणि त्या भिंतीकडे बाबांनी कधी मान वर करून पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते गेल्यावर काही दिवसांनी धूळ झटकताना तिच्या हाताला एक जाडजूड कादंबरी लागली. नदीवरची नाव वडिलांमागे कोणी चालवायची यावरून दोन भावांचं बिनसतं, त्याची गोष्ट. पुस्तकाच्या मधोमध एक कागदाची पट्टी खोचलेली होती. पावतीच्या यंत्रातून निघतो तो गुळगुळीत पांढरा कागद. तसला कागद घरात एकाच माणसाच्या खिशात असायचा.

लेक जमिनीवरच बसली. बाबा तिचं पुस्तक वाचत होते! चोरून, कुणाला पत्ता न लागू देता, अर्ध्यापर्यंत पोचले होते. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही, आईलासुद्धा नाही. पुस्तक पिशवीत घालून ती सगळीकडे नेऊ लागली. बाकीचं सगळं त्या बाईला लखलाभ. हे माझं.

पण मत्सर असा एका पुस्तकाने शांत होत नाही. कामावर जायला जवळचा रस्ता सोडून ती हमरस्त्याने जाऊ लागली. नजर राखाडी गाड्यांच्या मागच्या काचा शोधायची. एका दुपारी तिला ती लाल उशी दिसलीच.

बाबांच्या जागी, स्टिअरिंगवर, जोडीदारीण होती. शेजारी एक दणकट मिशीवाला. लेकीने जन्मात कधी वेगमर्यादा मोडली नव्हती. पोलिसाच्या घरात वाढलेल्यांना ते जमत नाही. पण आज तिचा पाय आपोआप खाली गेला. राखाडी गाडीला ओलांडताना तिने मान वळवून आत पाहिलं. चांगलं भरपूर पाहिलं. पुढच्या क्षणी तिच्या आरशात जाळीमागचा निळा दिवा लकलकायला लागला.

"ताई, तुम्ही?" जोडीदारीण खिडकीशी वाकली.

"का? मला सोडायचं, असं सांगून गेलेत का?"

"उलट सांगून गेलेत. ओळखीचा दिसला की आधी त्याला धर." तिने हात पुढे केला. "लायसन्स घ्या आणि आमच्या गाडीत मागे येऊन बसा. चित्रण दाखवावं लागतं."

गाडीत पुदिन्याच्या गोळ्यांचा वास होता, बाबांच्या सदऱ्याला यायचा तोच. लेकीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"हे आता माझे मामा," जोडीदारीण मिशीवाल्याकडे बोट करत म्हणाली. "कुणाचा विश्वास बसत नाही. मिशी काढा म्हणते, तर ऐकत नाहीत."

"मिशी काढली तर घरी बायकोचा विश्वास बसणार नाही," मामा म्हणाले.

छोट्या पडद्यावर लेकीची गाडी सुसाट जाताना दिसत होती. तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळच हास्यास्पद.

"इंडिकेटरही दिला नाहीत," जोडीदारीण म्हणाली. "बाबा असते तर म्हणाले असते, तेही लिही."

"तुमचे बाबा?"

"माझे कसे, ताई? तुमचेच. साहेबांनी तोंडाला सवय लावली, ती सुटत नाही."

लेक लायसन्ससाठी पिशवी उपसू लागली. पुस्तक वर आलं.

"अय्या, हे!" जोडीदारीण सीटवर पूर्ण वळली. "आणि माझी खूण अजून तिथेच!"

"तुमची खूण?"

"मग? पहिल्या दिवशी मी ताठ बसले होते, तर म्हणाले, अशी बसलीस तर मैलावरून पोलीस दिसतेस. माझी मुलगी गाडीत पुस्तक घेऊन बसते, खाली मान घालून. तशी बस. दुसऱ्या दिवशी तुमच्या कपाटातलं पुस्तकच घेऊन आले. संध्याकाळी परत जागच्या जागी ठेवायचे. तिला कळलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणायचे."

म्हणजे उशी गेली, सीट गेली, बाबा ही हाक गेली आणि आता हेही. ही बाई माझ्या जागी बसली ते बसली, लेकीला वाटलं, वर माझ्यासारखी बसली.

"म्हणजे त्यांनी वाचलंच नाही," ती म्हणाली.

"वाचतील कसे? गाडी चालवायचे ना. वाचायचे मी. आधी मनातच, तर म्हणाले, ओठ हलतायत तसा आवाजही काढ की. आमच्या घरातली सगळी पुस्तकं मुकी आहेत." जोडीदारीण हसली. "मग काय! मध्येच कुणी भरधाव गेला की पुस्तक बंद, दिवा चालू. पावती देऊन आले की पहिला प्रश्न, धाकट्याने वल्हं परत दिलं का?"

लेक उशीच्या वाकड्या कोपऱ्याकडे बघत राहिली. "धाकट्याची बाजू घ्यायचे?"

"छे, थोरल्याची! म्हणायचे, तो बोलत नाही म्हणून सगळे त्याला घमेंडखोर समजतात. धाकट्याच्या बोलण्याखाली तुम्ही पेन्सिलीने रेघा मारल्यात ना, त्यावरून तर चिडायचे. म्हणे, आमच्या बाईसाहेबांना बोलणाराच तेवढा दिसतो."

मामांनी उगाच काच खाली केली, मग वर केली.

लेकीला हसू आलं की आणखी काही, ते तिचं तिलाही कळलं नाही. बाबा तिच्याशी भांडत होते. भर रस्त्यात, तिच्या रेघांवरून, आणि ते ऐकायला दुसरीच होती.

"ताई," जोडीदारीण चाचरत म्हणाली, "शेवटी नाव कुणाला मिळते हो? पुढची पानं चाळायची नाहीत, असं ठरलं होतं आमचं."

लेकीला शेवट पाठ होता. एका वाक्यात सांगता आला असता. पण ते 'आमचं' तिला काट्यासारखं रुतलं.

"मामा," ती म्हणाली, "जरा मागे बसता?"

मामांनी जोडीदारिणीकडे पाहिलं, तिने मान हलवली. "मी पायच मोकळे करतो," म्हणत ते उतरले.

लेक पुढे येऊन शेजारच्या सीटवर बसली. पुस्तक मांडीवर घेतलं. मान आपसूक खाली गेली, लहानपणी जायची तशी. घरात तिने कधी कुणाला काही वाचून दाखवलं नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून जोडीदारीण समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"थोरला काठावर आला तेव्हा नाव तिथे नव्हती," लेकीने वाचलं. "त्याने हाक मारली नाही. तो दोरीच्या खुंटाशी बसून राहिला."

"बघा!" जोडीदारीण म्हणाली. "हाक मारायला काय होत होतं?"

"ऐका तर."

पान उलटलं. नाव परत फिरते न फिरते तोच पांढरी गाडी सूं करत शेजारून गेली. दोघींच्या माना एकदम वर झाल्या.

"मामा!"

"आलो, आलो!"

लेक खाली उतरली. कागदाची पट्टी तिने नव्या पानात सरकवली आणि पुस्तक पिशवीत टाकलं. इंजिन सुरू झालं होतं. जोडीदारिणीने काच खाली घेतली.

"ताई, पुस्तक..."

"देणार नाही," लेक म्हणाली. "घरी या. मी वाचून दाखवीन."

"येते." जोडीदारिणीने तिच्या हातात पावती कोंबली. "इंडिकेटरचंही लिहिलंय हं."

राखाडी गाडी निघाली. मागच्या काचेत लाल उशी थोडा वेळ दिसत राहिली. मग ती इतर गाड्यांमध्ये मिसळली आणि कोण पोलीस, कोण घरी निघालेले बापलेक, काही ओळखू येईना.