मनमायाच्या वाटणीचा तांदूळ

मी एक जुना टोप आहे. जर्मनचा. अ‍ॅल्युमिनियम म्हणा हवं तर, पण आमच्या रत्नागिरीजवळच्या पावसच्या बाजूला जर्मनच म्हणतात. बूड काळं, कडेला पोचे, एका बाजूची कडी तुटलेली. दिसायला मी देखणा नाही आणि स्वभावानेही गोड नाही. मला आदळलंत तर असा खणकेन की वाडीतली कुत्री भुंकायला लागतील. तरीही, मित्रांनो, माझी गोष्ट ऐका. मला काहीतरी ठासून सांगायचं आहे आणि ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म मुंबईतला. आमच्या वाडीच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून मला घेतलं, पोटावर मंडळाचं नाव कोरलं आणि एसटीच्या टपावर बांधून गावी आणलं. लग्न असो, बारसं असो, देवळातली समाराधना असो, चुलीवर मीच. ‘ह्या टोपातला भात कधी करपत नाय,’ असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. पुढे शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळू लागलं, तेव्हा मला जिल्हा परिषदेच्या शाळेत देऊन टाकलं. देवळात काही असलं की मागून न्यायचे, काम झालं की परत आणून ठेवायचे.

मग काय झालं, तर वाडीतली तरुण माणसं बायकापोरांसकट मुंबईला गेली. शाळेचा पट घसरला. उरलेल्या मुलांना एक कुकर पुरायला लागला. मला पडवीत पालथं घातलं आणि माझ्या बुडावर कोंबड्या झोपायला लागल्या. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मला पुन्हा चुलीवर चढवलं ते नेपाळच्या मुलांनी. आमच्याकडे हापूसच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबं येतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सागर बागायतदाराच्या बागेत तेजबहादूर राखणीला आला. सोबत बायको आणि मुलगी, मनमाया. वानरं आली की ही मुलगी पत्र्याचा डबा बडवत कलमांखालून धावायची. दिवसभर तेवढंच काम. आमच्या शाळेच्या नम्रताबाई एकदा बागेत गेल्या, तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि तिला नि आणखी काही पोरांना सरळ वर्गात आणून बसवलं. स्वयंपाक करणाऱ्या विमलाकाकीने मला राखेने घासलं, काजळी चिकटू नये म्हणून बुडाला माती लावली आणि म्हणाली, “चल बाबा, सुट्टी संपली तुजी.” दिवाळीनंतर आलेली मनमाया शिमग्यापर्यंत फळ्यावरचं मराठी घडाघडा वाचायला लागली.

पण गोम अशी होती की तिच्याकडे आधार कार्ड नव्हतं, जन्माचा दाखला नव्हता. बाईंनी तिचं नाव शाळेत घातलं, पण सरकारी तांदूळ येतो तो संगणकात दिसणाऱ्या मुलांचा, आणि मनमाया नि तिच्यासोबतची पोरं त्यात दिसतच नव्हती. विमलाकाकी मग आहे त्याच तांदळात सगळ्यांना पुरवायची. म्हणजे पाणी वाढवायची. खिचडी पातळ झाली. माझ्याच पोटात शिजत होती, मला कळणार नाही तर कोणाला कळणार?

राहीने घरी सांगितलं. राही ही काशीरामभाऊंची नात आणि काशीरामभाऊ शाळेच्या समितीचे अध्यक्ष. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला, सरळ पण हेकट माणूस. ते ऐन जेवणाच्या वेळी आले. पंगत बसली होती. त्यांनी माझ्यात डाव फिरवून पाहिला.

“विमला, ही खिचडी हाय की कढण?”

“जेवढा तांदूळ तेवढ्यातच करायची ना, भाऊ.”

“आणि खाणारी तोंडं? मी जन्मभर कर भरला, तो आपल्या पोरांसाठी. परमुलखातल्या पोरांना शिकवायचा आणि खायला घालायचा आमी, आणि आमच्या पोरांनी पाणी प्यायचा?”

नम्रताबाई हात पुसत बाहेर आल्या. “भाऊ, नेपाळच्या माणसांना इथं राहायला मनाई नाही. आणि कागद नाही म्हणून मुलाला शाळा नाकारायची नाही, असा कायदा आहे.”

“कायदा तांदूळ देतो का, बाई?” भाऊंनी विचारलं. मित्रांनो, मला भाऊंचा राग आला होता, पण हा प्रश्न खोटा नव्हता.

मनमाया ताटावरून उठायला लागली. तिला सगळं समजत होतं. तिला पाहून भाऊच म्हणाले, “बस. पानावर बसलेल्याला उठवायची आपली रीत नाय. आज जेव. पुढचं गाव ठरवील.”

आणि ठरलं असं की देवळात समाराधनेच्या दिवशी गाव बैठकीला बसेल तेव्हाच निकाल लावायचा. गाव नाही म्हणालं तर मनमाया नि ती पोरं परत बागेत, पत्र्याचा डबा घेऊन. सागर तेजबहादूरला तसं सांगूनही आला.

समाराधनेला मला देवळाच्या अंगणात चुलीवर ठेवलं, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं. गाव बसायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे. भागोजी गुरव नारळ हातात घेऊन उभा राहिला आणि दरवर्षी सांगतो तसंच सांगू लागला.

“बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरां तुज्या पायाशी गोळा झाली हायत. त्यांची राखण कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“जी मुंबईला पोटापाण्याला गेली, त्यांना सुखी ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ह्या गावच्या शिवेच्या आत जो कोण घाम गाळतो, आपला असो, परका असो, त्याच्या पोराबाळांना उपाशी ठेवू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” सगळ्यांत मोठा आवाज काशीरामभाऊंचा. त्यांचा मानच आहे तो. वर्षानुवर्षं ते असंच म्हणत आलेले, शब्दांकडे लक्ष कोण देतो?

नारळ फुटला, गाव बसलं आणि भाऊंनी विषय काढला. भागोजीने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

“काशीरामा, काय व्हय म्हणालास आत्ता?”

“ता देवाचा झाला, भागोजी. हा सरकारचा पैसा हाय.”

“म्हंजे देवाने पोर उपाशी ठेवायचा नाय, आणि आपण ठेवायचा?”

सागर खाली मान घालून म्हणाला, “त्याच्या राखणीवर माझा आंबा पेटीत भरतो. माझ्याच्यानं त्याच्या पोरीला नको नाय म्हणवत.” मागून विमलाकाकी म्हणाली, “तेजबहादूर मीठ घेतो, साबण घेतो, मोबाईलात पैसे भरतो. त्यातला कर तो भरतोच की. तेव्हा त्याला कोण ‘तू कुठला’ म्हणून विचारत नाय.”

भाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग उठले.

“देवापुढं दिलेला शब्द मी मागं घेत नाय. पोर शाळेत बसेल. पण पातळ खिचडी मी चालवून घेणार नाय. ना राहीला, ना हिला. तांदूळ येईपर्यंत घराघरातनं मूठमूठ द्या. बाकी मी बघतो.”

आणि ते खरंच रत्नागिरीला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नम्रताबाई सोबत होत्या, त्यांनीच येऊन काकीला सांगितलं. साहेब म्हणाले, “तुमच्या गावचीही नाही ती मुलगी, तुम्हाला काय पडलंय?” तर भाऊ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “साहेब, कर माझा हाय. त्यातला घास तिच्या ताटात पडायला हवा, असा मी सांगतोय. तिला मोजा. तोवर मी येत राहणार.”

अजून तिला मोजलेलं नाही. भाऊंचं जाणं चालू आहे. घराघरातला तांदूळ माझ्यात पडतो आहे आणि मी तो करपू देत नाही.

मित्रांनो, माझं बूड आता पातळ झालंय. एक दिवस ते फुटेल आणि भंगारवाला मला घेऊन जाईल. जाऊ दे. मला उन्हात टाका, पोचे पाडा, माझी तक्रार नाही. फक्त शाळेच्या दारात आलेल्या पोराला, ते कुठून आलंय हे विचारून माघारी धाडू नका. त्याच्या वाटणीचं नसेल तर ते मागून आणा, भांडून आणा.

काल भाऊ पुन्हा जेवणाच्या वेळी आले. मनमायाने ताट पुढे केलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि हात आखडता घेतला. भाऊंनी विमलाकाकीच्या हातातला डाव घेतला, माझ्या तळापर्यंत घातला आणि तिच्या ताटात घट्ट खिचडी वाढली.

“पोटभर खा,” ते म्हणाले, “आणि दुपारी मला वाचून दाखव.”