जाणारी जोडी

येणारं ९४, जाणारं ०.७

तारकाकांच्या हातून आजवर एकही जोड चुकला—

नको, इथून नको. इथून सुरुवात केली की ते भाव खाऊन जातात, आणि ही गोष्ट त्यांनी भाव खाल्ल्याचीच आहे.

आतल्या खोलीपासून सुरू करू. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांची सूनबाई बसते. समोर कॉम्प्युटर, त्यावर चौदा चौकोन, चौकोनांत चौदा मुलं. एकालाही ऐकू येत नाही. सूनबाई त्यांना खुणांच्या भाषेत शिकवते, घरबसल्या, रोज अकरा ते बारा. आवाज बंद पडला तरी तिचं काही अडत नाही. चित्र अडलं की सगळंच अडतं.

आणि दोन महिने झाले, चित्र अडतंय. मुलं तिला लख्ख दिसतात. इंटरनेटच्या येणाऱ्या वाटेला काही झालेलं नाही, वेग मोजला की आकडा नव्वदीच्या वर. तिचं चित्र मात्र घराचा उंबरा ओलांडताना धापा टाकतं. तिचा हात वर जातो आणि तिकडे मुलांच्या पडद्यावर तसाच गोठतो. पुन्हा हलतो तोवर वाक्य संपलेलं असतं. गाय पोचते, खाणं पोचतं, मधलं गवत वाटेत सांडतं.

मुलांनी तिला नाव ठेवलं. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. तिचं असं: एक हात हवेत उचलायचा, बोटं फाकवायची आणि पुतळा व्हायचं. अडकलेल्या बाई.

"बघा बाबा, अश्शी," म्हणून तिने जेवताना करून दाखवलं. दोघंही हसले. मग ती उठली आणि आपलं एकच ताट बराच वेळ घासत राहिली.

येणारं ९१, जाणारं ०.९

आता तारकाका. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं तारा जोडल्या, म्हणून अख्खी इमारत त्यांना तारकाका म्हणते. कुणाची बेल वाजेना, कुणाचा पंखा खरखरतोय, काका हजर. मुलगा सकाळी डबा घेऊन कामाला गेला की घरात सासरा आणि सून, दोघंच. भांडण नाही. चहा तिचा, वर्तमानपत्र त्यांचं, शब्दकोडं अर्धं-अर्धं.

दोन महिन्यांपूर्वी सूनबाई म्हणाली, "बाबा, आतल्या खोलीत उजेड छान आहे. तिथे बसले तर मुलांना बोटं नीट दिसतील. इंटरनेटची वायर आत घ्यायला कंपनीच्या माणसाला बोलावू?"

"माझ्या घरात तार ओढायला परका माणूस? मी काय मेलोय?"

त्यांनी वायर आणली. दिवाणखान्यातल्या इंटरनेटच्या बॉक्सपासून चौकटीच्या कडेकडेने, खिळ्यागणिक मोजून, अशी सरळ नेली की रेघ आखल्यासारखी. दोन्ही टोकांना प्लग स्वतः बसवले, जुन्या पकडीने. मग टेस्टर लावला. त्या डबीवर आठ दिवे असतात; आतल्या आठही तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचल्या, की एकामागोमाग एक लागतात. आठही लागले. काकांनी ती डबी ओवाळणीच्या तबकासारखी सूनबाईपुढे धरली.

"आठापैकी आठ!"

सूनबाईने टाळ्या वाजवल्या. बिचारीने.

खापर कुणाकुणावर फुटलं

कंपनीवर.
वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंवर, कारण त्या दिवसभर सिनेमे बघतात.
फ्रिजवर.
मुलाच्या फोनवर, तो फोटो वर चढवतो म्हणून. त्याने बंद केलं. फरक नाही.
सूनबाईच्या कॉम्प्युटरवर. तिने नवा घेतला. फरक नाही.
बॉक्स बंद करून चालू करण्यावर. सोळा वेळा. फरक नाही.
कंपनीच्या टेक्निशियन बाईवर. (तिच्याकडे येऊच.)
सूनबाईवर.

शेवटचं नीट सांगायला हवं. एका दुपारी तास संपल्यावर ती रडवेली होऊन बाहेर आली, आणि काका कोड्यातून मान वर न काढता म्हणाले, "तू हातही फार भराभर हलवतेस, सूनबाई. जरा सावकाश घे. तारेला झेपलं पाहिजे ना."

अर्धी थट्टा होती. पण अर्धी नव्हती. चौतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर तिने ते खरं मानलं आणि दुसऱ्या दिवसापासून हात सावकाश केले. पाण्याखाली असल्यासारखे. एका मुलीने विचारलं, बाई, तुम्हाला बरं नाही का?

येणारं ९३, जाणारं ०.८

तीन आठवड्यांपूर्वी ती टेक्निशियन पहिल्यांदा आली होती. पंचविशीची, आखूड केसांची, पाठीला बॅग.

"काका, बॉक्सपर्यंत लाइन एकदम ओके आहे. आतली वायर बघू का?"

"ती मी टाकलीय."

"तरी एकदा टोकं—"

"बाळ, तू रांगत होतीस तेव्हापासून मी टोकं मारतोय. तू तुझी लाइन बघ."

ती गेली. तिची पाठ वळताच काकांनी फोनवर कंपनीचं तक्रारीचं पान उघडलं आणि लिहिलं: तंत्रज्ञास कामाची माहिती नाही. वरिष्ठ व्यक्ती पाठवावी. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. शुद्धलेखन बिनचूक होतं.

आणि या बुधवारी मुख्याध्यापिकेचा निरोप आला. शुक्रवारच्या तासाला शाळेची समिती बघायला बसणार. मुलांचं नुकसान होतंय. शुक्रवारीही असंच झालं तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे द्यावा लागेल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

सूनबाईने मनाला लावून घेतलं.

शुक्रवार, नऊ वाजून दहा मिनिटं

वरिष्ठ व्यक्ती आली नाही. तीच आली. त्या भागात तीच एक होती.

तिने या वेळी विचारलं नाही. बॅगेतली आपली वायर काढली, बॉक्सला लावली, दुसरं टोक आपल्या लॅपटॉपला. जाणारं पंचाण्णव. मग तिची वायर काढून काकांची लावली आणि आतल्या खोलीत जाऊन मोजलं. जाणारं शून्य पूर्णांक आठ.

"काका, चष्मा आहे का जवळचा?"

काकांनी चष्मा चढवला. तिने प्लग उजेडात धरला. पारदर्शक प्लगात आठ रंगीत तारा शेजारी शेजारी बसल्या होत्या: निळी आणि तिची पांढरी, केशरी आणि तिची पांढरी, हिरवी आणि तिची, तपकिरी आणि तिची. एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या, ओळीने. टेलिफोनमध्ये बसवतात तशाच.

"तुमचं काम इतकं सुबक आहे ना," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणून पटकन कुणाच्या लक्षात यायचं नाही. फक्त इंटरनेटच्या वायरीत जोड्या अशा नसतात. एक-दोन नंबरच्या जागांची एक जोडी. मग तीन आणि सहा. त्यांच्या पोटात चार-पाच. तुम्ही तीन-चार, पाच-सहा घेतलंय. म्हणजे तीन नंबरची जोडीदार—"

"चारला बसलीय," काका म्हणाले.

तिने पुढे सांगायची गरज नव्हती. तीनवरची केशरीच्या घरची, सहावरची हिरव्याच्या घरची, आणि दोघींना जाणाऱ्याच्या एकाच कामाला जुंपलेलं. जोडी फुटलेली. टेस्टरला त्याचं काय? तार पोचली का, एवढंच तो विचारतो. कुणाशी पीळ घालून आली, हे विचारत नाही.

आणि चौतीस वर्षं काकांनी नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. खांबावर चढण्याआधी, पक्कड हातात देण्याआधी. "एक वेळ तार तुटली तरी चालेल, जोडी फोडू नका. जोडी फुटली की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं." पोरं त्यांची नक्कल करायची. जोडी फोडू नका रेऽऽ.

काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हातातला प्लग त्यांना कुणीतरी चोरी पकडून समोर ठेवल्यासारखा वाटला.

तेवढ्यात सूनबाई आत आली. केस विंचरलेले, अंगात गडद रंगाचा सदरा. बोटं उठून दिसावीत म्हणून. "काय निघालं?"

टेक्निशियनने काकांकडे पाहिलं. क्षणभरच.

"टोक ढिलं झालं होतं, ताई. होतं असं. नवीन मारून देते."

पाच मिनिटांत दोन्ही टोकं झाली. जाणारं त्र्याण्णव. सूनबाईने आकडा पाहिला आणि खाली बसली. मग उठली, आणि आवाज चढला.

"म्हणजे एवढंच होतं? पाच मिनिटांचं काम? अहो, तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच आला होता ना? तेव्हाच नीट पाहिलं असतं तर? इथे माझा वर्ग जायची वेळ आलीय!"

तारकाका: पाठवत आहे… ३ टक्के.

"सॉरी, ताई."

"सॉरी काय! बाबा सांगत होते तेव्हाच, की यांना काम येत नाही. मी म्हटलं जाऊ दे, तक्रार कशाला करता. बरोबरच केलीत तुम्ही, बाबा."

पाठवत आहे… ११ टक्के. काकांनी तोंड उघडलं. "अगं, ते—"

टेक्निशियन खाली बसून तारांचे कापलेले तुकडे वेचत होती. एकेक. वर न बघता. तिच्या फोनवर समोरच तिच्या नावाची लाल खूण दिसत होती: तक्रार प्रलंबित.

"ते काय, बाबा?"

पाठवत आहे… १२ टक्के.

"काही नाही. चहा ठेवू का म्हणत होतो."

जोड तुटला. पुन्हा प्रयत्न करा.

टेक्निशियन चहा न घेताच गेली. दाराशी तिने चप्पल घातली आणि म्हणाली, "येते, काका." काकांनी नुसता हात हलवला. तो हात मग कुठे ठेवावा, ते त्यांना कळेना.

येणारं ९४, जाणारं ९३

अकरा वाजता तास सुरू झाला. काका बाहेर खुर्चीत, दार अर्धं उघडं. चौदा चौकोनांच्या जोडीला आज तीन जास्त: मुख्याध्यापिका आणि समितीतले दोघे.

चित्र कुठेही थांबत नव्हतं. काकांनी हुश्श केलं. सुटलो, असंही मनात म्हणून घेतलं. आता कशाला उकरायचं? रात गई बात—

हे असलं काहीतरी त्यांच्या मनात अर्धं आलं होतं, आणि तेव्हाच त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

हात सावकाश चालले होते.

तार सुटली होती, हात सुटले नव्हते. ती प्रत्येक खूण ओल्या भिंतीवर लिहिल्यासारखी जपून करत होती. एक झाली की थांबायची, मग दुसरी. एक मुलगा जांभई देत होता. समितीतल्या गृहस्थांनी बाजूला बघून काहीतरी लिहिलं. सूनबाईला ते दिसलं, आणि ती आणखीच सावकाश झाली. तारेला झेपलं पाहिजे ना.

काका उठले. दारातून आत गेले. सरळ कॅमेऱ्यासमोर.

"बाबा?" ती कुजबुजली. "तास चालू आहे!"

"हात मोकळे सोड," काका म्हणाले. "तार मी चुकवली होती. टोक ढिलं नव्हतं. जोड्याच चुकीच्या लावल्या होत्या मी, पहिल्या दिवसापासून. त्या पोरीने तेव्हाच बघू का म्हणून विचारलं, मी बघू दिलं नाही. तुझ्या हातांचा काही संबंध नव्हता. मी उगाच बोललो. भराभर हलव. तुझे होते तसे."

ज्यांना ऐकू येतं त्या तिघांनी ऐकलं. मुख्याध्यापिकेने चष्मा काढून पुन्हा घातला.

सूनबाई काकांकडे बघत राहिली. राग होता, नाही असं नाही. दोन महिन्यांचा होता. मग चौकोनांतली मुलं चुळबुळायला लागली: कोण आलंय? काय म्हणतंय? बाई, सांगा! तिने पडद्याकडे तोंड केलं, आणि तिचे हात सुटले. काकांनी हे कधी जवळून पाहिलंच नव्हतं. बोटं दिसत नव्हती, नुसता झपाटा दिसत होता. सगळं सांगून टाकलं असणार तिने, काही न वगळता. काकांना त्यातली एकच खूण समजली. शेवटी तिचं बोट त्यांच्याकडे वळलं, ती.

चौदा जोडी डोळे काकांवर.

एका मुलीने झटकन काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," सूनबाई म्हणाली, त्यांच्याकडे न बघता, "की मग आजोबा आज सकाळीच का नाही बोलले?"

काकांना ही भाषा येत नव्हती. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी हात वर उचलला, आणि तो तिथेच राहिला. हवेत, बोटं फाकलेली.

चौदा चौकोन खदखदा हसले. चौदा हात वर गेले आणि थांबले. सूनबाईचं नाव त्यांनी एका झटक्यात तिच्यावरून उचलून काकांवर ठेवलं होतं, आणि ते काढायला कुणी येणार नव्हतं.

तासाच्या शेवटी मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, "सोमवारी अकरालाच ना? बरं."

कारण लिहा (दोनशे अक्षरं)

सूनबाईने जेवताना वाढलं, पण कोडं पुढे केलं नाही. काका फोन घेऊन बॉक्सजवळ उभे राहिले. तक्रारीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत होतं: तक्रार मागे घ्या. त्याखाली चौकट. ‘चौतीस वर्षं’ असं त्यांनी लिहिलं आणि खोडलं. ‘सद्हेतूने’ असं लिहिलं आणि खोडलं.

तंत्रज्ञ बाईंना काम येतं. मला आलं नाही. त्यांनी वायर पाहू का विचारलं होतं, मी नाही म्हटलं. आज त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली, मी घेऊ दिली.

एकदाच वाचलं. ‘पाठवा’ या शब्दावर बोट ठेवलं. पूर्वी निदान ते चक्र फिरत राहायचं, माणसाला विचार बदलायला वेळ मिळायचा. आता बोट उचलायच्या आत गेलं.