रोशनी काकळीज यांचा कॉम्प्युटर

लॅपटॉप रोशनीच्या स्वतःच्या कमाईचा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे तिच्या सासरी, निकमांच्या घरात, जे रामायण घडलं, त्यात ही एवढी एक गोष्ट सगळे सोयीस्करपणे विसरले. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेट्यांवर घोस, डोंगर, निळं आभाळ आणि व्यापाऱ्याचं नाव छापलेलं असतं ना, ती चित्रं ती करते. पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंतचे व्यापारी तिला फोन करतात, आणि हंगाम तोंडावर आला की तिला जेवायला फुरसत नसते.

आजवर हे सगळं काम तिने जुन्या कॉम्प्युटरवर केलं. तो नांदगावच्या तिच्या वडिलांनी कॉलेजात असताना घेऊन दिलेला, आणि लग्नात रुखवताच्या टेम्पोतून नाशिकरोडला आलेला. अलीकडे तो पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचा. एक चित्र उघडायला सांगितलं की तेवढ्यात भाजी फोडणीला टाकून होत असे. तरी रोज सकाळी तो चालू झाला की पडद्यावर अक्षरं यायची: स्वागत, रोशनी काकळीज. त्या घरात तिला रोशनी म्हणणारं तेवढंच एक होतं.

निकमांकडे सुनेचं नाव बदलायची रीत आहे. शेखरने भर मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीने 'योगिनी' असं कोरलं. नाव सासूबाईंनी, म्हणजे सुलाबाईंनी, काढलेलं. रोशनी तेव्हा हसली. सगळेच हसत होते आणि व्हिडिओवाला समोर उभा होता, तिथे दुसरं करणार काय? तेव्हापासून ती घरात योगिनी, भाऊबंदांत योगिनी, हळदीकुंकवाला योगिनी. बँकेत आणि पदवीच्या कागदावर मात्र ती रोशनीच राहिली, कारण सरकारी कचेऱ्यांत खेटे घालायला घरात कुणाला वेळ झाला नाही. शेखर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीने कामाला. तो तिला कुठलंच नाव घेऊन हाक मारत नसे. त्याचं 'अगं' म्हटल्यावर भागायचं.

नवा लॅपटॉप लावून द्यायचं काम धाकट्या दिराने, धनराजने, आपणहून अंगावर घेतलं. त्याचं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हात चांगला आहे. रविवारी त्याने दोन्ही यंत्रं वायरने जोडली आणि दिवसभर बैठक मारून सगळं इकडचं तिकडे नेलं. चित्रं नेली, अक्षरांचे साचे नेले, तिने जपलेले रंग नेले. पडद्यावर मागे वडिलांच्या स्कूटरचा फोटो होता, तोही नेला. कुठली खूण कुठल्या कोपऱ्यात होती, तेसुद्धा त्याने जसंच्या तसं ठेवलं. सोमवारी सकाळी रोशनीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर आलं: स्वागत, योगिनी निकम.

तिला वाटलं, हे काय, चुटकीसरशी बदलेल. तिने धनराजला गोड आवाजात सांगितलं. त्याने डोकं खाजवलं आणि समजावून दिलं की नाव नुसतं वर चिकटवलेलं नसतं, आतलं अख्खं घर त्या नावाने बांधलेलं असतं आणि सगळे रस्ते त्यातून जातात. वरचं नाव बदलून फसवता येईल, आत योगिनीच राहील. खरंच बदलायचं तर योगिनीचं खातं पुसायचं, नवं खातं उघडायचं आणि जुन्या कॉम्प्युटरवरून सगळं परत आणायचं.

"नव्या मशीनवर जुनं नाव कशाला, म्हणून मीच दुरुस्त केलं, वहिनी," तो म्हणाला.

बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. उलट वहिनीचा मान राखला, असं त्याला वाटत होतं. पण 'दुरुस्त' हा शब्द रोशनीला लागला. तरी ती गप्प बसली. घरात सून म्हणून राहायचं तर किती ठिकाणी तोंड उघडायचं, याचा हिशेब प्रत्येक सून मनातल्या मनात करत असते, आणि रोशनी त्यात तरबेज झाली होती.

दुपारी पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याच्या मॅनेजरचा फोन आला. त्याला सकाळी पेटीचं चित्र आलं होतं, पण पाठवणारी योगिनी निकम दिसली म्हणून त्याने ते उघडलंच नाही. हल्ली कोण काय पाठवेल सांगता येत नाही. "मॅडम, तुम्ही काम सोडलं का? ही योगिनी कोण?"

"कोणी नाही," रोशनी म्हणाली. "मीच पाठवते परत."

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. ती उठली, लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला आणि जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. गिरणी घरघरायला लागली.

आता गोची अशी होती, की तो जुना कॉम्प्युटर सासऱ्यांनी परस्पर देऊन टाकला होता. सहादू निकम, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांच्या देवळ्याच्या चुलतभावाचं कांद्याचं खळं, म्हणजे कांदा विकत घेऊन साठवायची जागा, आहे. तिथे वजनाच्या पावत्या करायला कॉम्प्युटर हवा होता. नानांनी शब्द दिला होता. बुधवारी खळ्याची पिकअप नाशिकला येणार, धनराज आतलं सगळं पुसून देणार आणि कॉम्प्युटर रिकाम्या गाडीतून देवळ्याला जाणार, असं ठरलं होतं. ज्याच्यातून परत सगळं आणायचं तोच पुसला गेला, तर लॅपटॉपवर जन्मभर योगिनीच नांदणार होती.

बुधवारी पिकअप दारात लागली. केरू ड्रायव्हर चपला काढून आत आला. धनराज दुकान सोडून घरी आला होता. रोशनी जुन्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली होती. तिने सरळ सांगितलं, की हा जाणार नाही. आधी लॅपटॉपवर माझं नाव येईल, सगळं परत उतरेल, मी डोळ्यांनी बघेन, मग खुशाल न्या. धनराज नानांकडे बघायला लागला. केरू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला, कारण दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघायला तीच जागा बरी असते.

नाना आधी समजुतीने बोलले, मग चढ्या आवाजात. मी शब्द दिलाय, भाऊबंदांत माझी शोभा करतेस का? रोशनीने शेखरला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, संध्याकाळी बघू, आता पाळीवर आहे. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत पुसून होईल, आत्ता सांग. पलीकडून नुसता यंत्रांचा आवाज येत राहिला. तिने फोन ठेवला. नवऱ्याची तिला चीड आली, आणि आपल्याला इतके दिवस ही चीड आली नाही म्हणून स्वतःची जास्त आली.

सुलाबाई एवढा वेळ खाली बसून मेथी निवडत होत्या. नाव त्यांनी काढलेलं, तेव्हा घाव त्यांच्यावरच होता.

"नाव बदललं म्हणून काय मरतं का माणूस?" त्या म्हणाल्या. "माझंबी बदललं व्हतं. मी काय मेले? येवढा संसार केला."

"काय होतं तुमचं नाव, आई?"

रोशनीने हे टोचायला विचारलं नव्हतं. इतकी वर्षं या घरात राहून आपल्याला ते ठाऊकच नाही, हे तिला त्याच घटकेला कळलं. तिने धनराजकडे पाहिलं. पोटच्या पोराला माहीत नव्हतं. मग सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला.

"व्हतं बुवा कायतरी," ते म्हणाले.

सुलाबाईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. जुडी तशीच अर्धी टाकून उठल्या आणि आत गेल्या. चहासुद्धा त्या दिवशी रोशनीनेच केला, तोही कॉम्प्युटरला कुणी हात लावत नाही ना ते स्वयंपाकघराच्या दारातून बघत बघत. केरूने चहा घेतला, मिशा पुसल्या आणि मला अंधार पडायच्या आत घाट चढायचाय असं म्हणून तो रिकामी पिकअप घेऊन गेला. नानांनी जेवताना ताट सरकवलं. रोशनीने ते उचलून झाकून ठेवलं आणि स्वतः पोटभर जेवली.

सुलाबाईंचा अबोला त्यानंतरही टिकला. तो सुनेवर आहे की आणखी कुणावर, हे घरात कुणाला उमगेना, कारण त्या नानांशीही बोलत नव्हत्या. शेखरने एका संध्याकाळी चाचरत सांगून पाहिलं, की आईने सांगितलं म्हणून मी ते नाव लिहिलं, मला काय त्याचं. रोशनी म्हणाली, तुला काही नाही म्हणूनच तर लिहू शकलास. त्यावर त्याने पहिल्यांदा, जरा अडखळत, तिला 'रोशनी' अशी हाक मारून पाणी मागितलं. तिने दिलं. त्याबद्दल त्याची आरती काही ओवाळली नाही.

रविवारी धनराज पुन्हा वायर घेऊन बसला. तोंड फुगवूनच बसला, पण काम चोख केलं. रोशनी शेवटपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसली होती.

सोमवारी सकाळी तिने लॅपटॉप उघडला. स्वागत, रोशनी काकळीज. मागे वडिलांची स्कूटर होती. जुन्या कॉम्प्युटरची घरघर मात्र ऐकू येत नव्हती आणि तिला उगाच चुकल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. तिचंच घर होतं, तिचंच पाणी होतं.

मागे कुणीतरी उभं होतं. सुलाबाई पदराला हात पुसत पडद्याकडे बघत होत्या.

"यात एकाच बाईचं नाव बसतं का आणखी बसतं?"

"हवी तेवढी बसतात, आई."

"मग माझंबी टाक."

रोशनीने नवं खातं उघडलं आणि बोटं कळांवर ठेवून थांबली. सुलाबाईंनी एकदा दारापुढच्या ओट्याकडे पाहिलं. बाहेर नाना पेपर वाचत बसले होते.

"नवसाबाई," त्या म्हणाल्या. मुद्दाम ओट्यावर ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नवसाची व्हते मी. चार बहिणी गेल्यावर जगलेली. आईनं ठिवलं व्हतं."

रोशनीने टाइप केलं. मग उठून खुर्ची त्यांना दिली आणि कुठली कळ दाबायची ते दाखवलं. सुलाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, पदर सारखा केला, आणि एका बोटाने कळ दाबली. पडदा क्षणभर निळा झाला आणि अक्षरं आली. चौथीपर्यंत शिकलेलं त्यांनी सगळं पणाला लावलं. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत त्यांनी ते वाचलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

ओट्यावरून नानांचा आवाज आला. "सुला, चहा ठिव."

पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"सुला घरात नाय," नवसाबाई म्हणाल्या.