चौकडीचा किल्ट

"दादा, श्वास सोडा," शिवकन्या म्हणाली. "पोट असं आत वढून माप दिलं, तर जेवणाच्या टायमाला बकल तुटंल."

युवराजने श्वास सोडला. पोट टेपवर आलं. आकडा शिवकन्याने मनातच ठेवला. मोठ्याने सांगितला असता तर त्याने पुन्हा पोट आत ओढलं असतं.

आष्टीत तहसीलच्या मागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान होतं. आईबाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा चुलतीकडे राहून ती मशीन शिकली. गेली अठरा वर्षं तालुक्याचे पुढारी अर्जुनराव यांच्या शाळेतल्या मुलींचे स्कर्ट तीच शिवत होती. एप्रिल ते जून तेच काम, आणि त्याच्यावरच पुढचं वर्ष निघायचं. चुण्यांचा स्कर्ट तालुक्यात आपल्यासारखा कोणी शिवत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि ते ती लपवतही नसे.

युवराज हा अर्जुनरावांचा एकुलता एक मुलगा. ग्लासगोला वर्षभर राहून कसलासा कोर्स करून आला होता. त्या कोर्सचं नाव अर्जुनरावांनाही धड सांगता येत नसे. लग्न बीडला थाटात झालं होतं. आता तालुक्याच्या लोकांसाठी नगर रोडच्या लॉनवर स्वागत समारंभ होता आणि पत्रिकेवर छापलं होतं, 'पुरुषांनी काळा सूट व बो-टाय घालूनच यावे.' मे महिन्यात. आष्टीत.

स्वतः युवराज मात्र सुटाची पँट घालणार नव्हता. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. वर काळा कोट, गळ्यात बो, आणि खाली गुडघ्यापर्यंत चौकडीचं काहीतरी, मागे चुण्या घातलेलं.

"ह्यो तर स्कर्ट हाय," शिवकन्या म्हणाली.

"किल्ट म्हणतात, मावशी. तिकडे राजघराण्यातले लोक घालतात. सगळे काळ्या सुटात असले की हाच उठून दिसतो." मागवलेला किल्ट मुंबईच्या विमानतळावर अडकला होता आणि समारंभ चार दिवसांवर आला होता. "तिकडे आत काही घालत नाहीत, माहितीये?" तो हसत म्हणाला.

"आष्टीत घाला," ती म्हणाली.

कापड त्यानेच निवडलं. रॅकवर लाल-हिरव्या चौकडीचा तागा होता, तिकडे बोट केलं.

"दादा, ते शाळेचं कापड हाय. पोरींच्या ड्रेसचं."

"असू दे हो. इथं कुणाला काय कळतंय? ह्या लोकांना टाय कुठला आणि बो कुठला, ते कळत नाही."

ह्या लोकांच्या मतांवर बाप चार वेळा निवडून आला, त्यांच्याबद्दल तो पोटातलं बोलून गेला, आणि तेही शिंप्याच्या दुकानात, जिथलं बोलणं अर्ध्या गावाला ऐकू जातं. "शाळेचं हाय बरं, दादा," शिवकन्याने पुन्हा सांगितलं. त्याने हात झटकला. तिने ताग्यातून आठ मीटर कापड काढलं.

चार दिवस ती तेच काम घेऊन बसली. अठ्ठावीस चुण्या घातल्या, आणि प्रत्येक चुणीच्या दुमडीवर लाल पट्टी अचूक यावी म्हणून दोनदा उसवून पुन्हा शिवल्या. युवराजची किंमत तिला कळली होती. पण म्हणून हलकं काम करून द्यायचं, हे तिच्या हाताला जमत नव्हतं.

समारंभाच्या संध्याकाळी तिला लॉनवर बोलावणं आलं. किल्ट नीट बसवायला बाई हवी होती. लॉनवर गुत्तेदार, सरपंच आणि सोसायटीचे चेअरमन काळ्या कपड्यांत घाम पुशीत उभे होते. त्यातले अकरा सूट तिनेच त्या आठवड्यात आखूड-लांब करून दिले होते. एकाच्या बाहीवर कंपनीची चिठ्ठी तशीच होती, कारण ती काढायची असते हे त्याला पटलं नव्हतं. एकजण पांढरे स्पोर्ट शूज घालून आला होता. गळ्याला इलॅस्टिक काचतं म्हणून निम्म्यांनी बो खिशात घातला होता. अर्जुनराव स्वतः पांढऱ्या खादीतच होते. पत्रिका दुसऱ्यांसाठी होती.

आणि फाटकापासून स्टेजपर्यंत, दोन्ही बाजूंना, फुलांची ताटं घेऊन शाळेच्या मुली उभ्या होत्या. गणवेशात. सुट्टी असूनही हेडमास्तरांनी सकाळी ऐन वेळी ही सेवा ठरवली होती.

शिवकन्या घाईघाईने कपडे बदलायच्या खोलीत गेली.

"दादा, भाईर शाळेच्या पोरी उभ्या हायत. ड्रेस घालून. प्यांट घाला, माझं ऐका."

आरशासमोर युवराज कोटाची बटणं लावत होता. "तुम्ही पिना लावा, मावशी. बाकीचं मला कळतं."

तिने पिना लावल्या.

तो तेजश्रीचा, नव्या नवरीचा, हात धरून फाटकातून आत आला. मुलींनी फुलं उधळायला हात वर केले आणि ते तसेच राहिले. एक चौथीतली मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, आपलाच ड्रेस हाय की!"

"अय बे," काळ्या सुटांमधून कोणीतरी ओरडलं, "दादानं शाळेत नाव घातलंय काय!"

मग कोणी थांबलं नाही. चार वर्षं ज्यांनी अर्जुनरावांसमोर तोंड उघडलं नव्हतं, तेही पोट धरून हसत होते. तेजश्रीने पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. युवराज दोन्ही रांगांमधून स्टेजपर्यंत चालत गेला, कारण दुसरी वाटच नव्हती. मागे अठ्ठावीस चुण्या सरळ रेषेत पडत होत्या.

दहा मिनिटांत अर्जुनराव, युवराज आणि शिवकन्या कपडे बदलायच्या खोलीत होते.

"कुणी शिवलं हे सोंग?" अर्जुनरावांनी विचारलं.

"मी तिला भारी कापड घे म्हणालो होतो, बाबा," युवराज म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"साहेब, कापड दादांनीच काढाया लावलं," शिवकन्या म्हणाली. "शाळेचं हाय म्हणून मी सांगितलंतं. दोनदा."

"तोंड वर करून बोलायलीस? माझ्या पोराला खोटं पाडायलीस?"

"खरं ते सांगायले, साहेब."

"उद्यापास्नं शाळेचं काम बंद. पुण्याहून रेडिमेड मागवतो." आणि ते पाहुण्यांकडे निघून गेले.

युवराजने किल्ट सोडून कोपऱ्यात टाकला आणि हँगरला टांगलेला मेव्हण्याचा जादा काळा सूट चढवला. बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. शिवकन्या खाली बसली, किल्ट उचलून मांडीवर घेतला, एकेक चुणी दुमडीवर बसवली आणि पदरातल्या सुईने त्यांवर कच्चा टाका घालू लागली.

"राहू द्या ते, मावशी. फेकून द्या."

"चुण्या मोडतील."

तो आरशात पाहत होता. "बाबा शांत झाले की बोलतो मी. शाळेच्या कामाचं."

तिने मान वर करून पाहिलं. त्याचा बो एका बाजूला कलला होता. ते तिने सांगितलं नाही.

तो गेला. बाहेर बेंजो सुरू झाला. शिवकन्याने शेवटची चुणी टाक्यात घेतली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि सूट काढल्याने रिकाम्या झालेल्या हँगरला किल्ट नीट अडकवून ठेवला.