करायला की जाळायला

लेकीच्या घरी राहायला येऊन दोन वर्षं झाली, तरी सुतारबाबा प्यायचं पाणीसुद्धा मागूनच घेत. पाहुण्यानं कसं वागावं, ते त्यांच्याकडून शिकावं. हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं, रंधे विकून टाकले, आणि तेव्हापासून त्यांच्या वाट्याला कामच उरलं नाही. लेक भाजी निवडू देत नसे, जावई खिळा ठोकू देत नसे. "बाबा, तुम्ही बसा," हे दिवसातून दहा वेळा ऐकून ते बसण्यालाच कंटाळले होते.

जावई वेल्डर. त्यानं जुनं लोखंडी पिंप आडवं कापून, झाकणाला बिजागऱ्या लावून गच्चीवर कोंबडी भाजायला शेगडी केली होती. खाली निखारे, वर जाळी, झाकण लावलं की धुराचा वास मांसात मुरणार. एका शनिवारी सकाळी तो म्हणाला, "बाबा, वखारीत येता का? लाकूड आणायचंय. तुमच्याइतकं लाकडातलं आम्हाला कुठे कळतं?"

बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. लेक गालात हसली, तिकडे त्यांनी काणाडोळा केला. दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं होतं. हे काम चोख करून दाखवायचं, म्हणजे या घरात आपलाही काही उपयोग आहे हे सगळ्यांना कळेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

वखारीत एका भिंतीला फळ्या आणि त्यांचे कापून उरलेले तुकडे रचलेले होते, दुसऱ्या भिंतीला जळणाचा ढीग. वाकड्या, गाठाळ, सालीसकट फांद्या. बाबांनी त्या ढिगाकडे निवडलेल्या भाजीत अळी दिसावी तसं पाहिलं आणि फळ्यांकडे वळले. एक डोळा मिटून तुकड्याची कड पाहिली, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला, रेषांवरून नख फिरवलं. हात थरथरत होता, पण आज त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी चिडाचे, म्हणजे पाइनचे, आठ तुकडे त्यांनी बाजूला काढले. सरळ, कोरडे, एक गाठ सापडेल तर शपथ.

वखारवालीनं विचारलं, "करायला हवंय की जाळायला?"

"चांगलं लाकूड दोन्हीला चांगलं," बाबा म्हणाले.

बाईनं जावयाकडे पाहिलं. जावयानं क्षणभर चुळबूळ केली आणि म्हणाला, "बाबा म्हणतात तेच बांधा."

रविवारी दुपारी पिंपातून काळाकुट्ट धूर निघाला. शेजारणीनं दोरीवरचे कपडे आत नेले. कोंबडी ताटात आली तेव्हा तिच्यावर काजळी होती, आणि पहिल्याच घासाला बाबांना कळलं. टर्पेंटाइन. चाळीस वर्षं पॉलिशच्या कामात अंगाला येत होता तोच वास आता तोंडात आला होता. चिडात राळ असते हे त्यांना माहीत नव्हतं का? पक्कं माहीत होतं. पण त्यांनी आयुष्यभर लाकूड काहीतरी करायला निवडलं होतं, जाळायला कधीच नाही.

"छान झालीय," जावई म्हणाला.

"मसाला जरा जास्त पडला माझ्याकडून," लेक म्हणाली.

दोघांनी ताटं संपवली. बाबांना घास गिळवेना.

जेवणानंतर ते स्वयंपाकघरात गेले. लेक भांडी घासत होती.

"जावईबापूंना कळलं होतं का गं?"

तिनं हातातलं भांडं विसळून ठेवलं. मग म्हणाली, "त्याला वखारीतच कळलं होतं. पेरूचं किंवा आंब्याचं घ्यायचं असं आदल्या दिवशीच ठरवून गेला होता तो."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही इतके खुशीत होतात, बाबा. त्याला बोलवेना."

बाबांना राग आला, आणि रागाहून वाईट जास्त वाटलं. आपल्याला कामाला नेलंच नव्हतं, फिरवून आणलं होतं. ते तसेच गच्चीवर गेले. जावई पत्र्याच्या तुकड्यानं झाकणाची काजळी खरवडत होता.

"तुमच्या वर्कशॉपात एखाद्यानं जोड वाकडा मारला, तर काय करता?"

जावई खरवडायचा थांबला. "सांगतो त्याला. चुकलं म्हणून."

"आणि पाहुण्याचं चुकलं तर?"

जावयानं हातातला पत्रा खाली ठेवला.

"त्याला छान म्हणता," बाबा म्हणाले. "दोन वर्षं मी छानच ऐकतोय." आणि पत्र्याचा दुसरा तुकडा घेऊन ते झाकणाच्या दुसऱ्या टोकाला खरवडायला बसले. "बाबा, तुम्ही बसा," असं जावयाच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं ते गिळलं.

पुढच्या शनिवारी दोघं पुन्हा वखारीत गेले. या वेळी बाबा थेट जळणाच्या ढिगाकडे गेले आणि वखारवालीलाच विचारलं, "जाळायला कसं बघायचं, सांगा." तिनं सांगितलं: फळझाडाचं घ्या, सुकलेलं घ्या, राळेचं नको, रंग किंवा पॉलिश लागलेलं तर मुळीच नको. बाबांनी शाळकरी पोरासारखं ऐकून घेतलं. मग पेरूच्या फांद्या चाळून त्यांनी एक ओंडका उचलला आणि जावयापुढे धरला.

जावयानं तो पाहिला, बाबांकडे पाहिलं, घसा खाकरला.

"हा नको. मांडीएवढा जाड आहे, पिंपाचं झाकण बसणार नाही. परत सरळ बघून उचललात तुम्ही. ठेवा तो."

वखारवालीच्या भुवया वर गेल्या. "अहो, सासऱ्याशी कुणी असं बोलतं का?"

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका," बाबा म्हणाले, "आमचं काम चाललंय." त्यांनी ओंडका ढिगावर ठेवला आणि दुसरी फांदी शोधायला वाकले.