दशरथने माइक हातात घेतला

मित्रांनो, खैराच्या खोडातून कोरलेला, दोन तोंडांचा एक जुना पखवाज आहे मी. कुडाळजवळच्या एका कारागिराने मला घडवलं. उजव्या तोंडावर काळी शाई, डाव्या तोंडावर वाजवण्याआधी थापायची कणीक आणि अंगभर आवळलेल्या चामड्याच्या वाद्या, असा माझा थाट. पण माझा खरा अभिमान म्हणजे दशरथचे हात. कापड गिरणीत तीस वर्षं माग चालवूनही त्या हातांतला गोडवा गेला नाही. अंधेरीच्या आमच्या चाळीत भजन असलं, की लोक बुवांच्या आधी विचारायचे, "पखवाजाला दशरथच ना?"

१९८५ साली सांताक्रूझला डबलबारी होती. दोन भजन मंडळी समोरासमोर, मैदान माणसांनी भरलेलं. आमचे धोंडूबुवा गजर चढवत होते, टाळ्या पडत होत्या आणि ऐन रंगात दशरथचे हात थांबले. मला मांडीवरून खाली ठेवून तो उठला आणि माणसांतून वाट काढत गेला. समोरच्या मंडळीतून कुणीतरी ओरडलं, "पखवाजवालो पळालो रे!" सगळं मैदान हसलं. पाच मिनिटांनी तो परतला तेव्हा त्याच्या जागी दुसराच बसला होता.

त्या दिवसापासून मी खुंटीवर गेलो. विचारणाऱ्यांना दशरथ सांगायचा, "हात दुकता रे माजो." पण मी त्याच खोलीत होतो, मला खरं दिसत होतं. घरातून निघून चाळीच्या टोकाच्या संडासाकडे तो दिवसातून पंधरा वेळा जाई. परत यायला वेळ लागे, कारण धार सुरूच होत नसे. बाहेर ताटकळलेले लोक दार ठोठावत. परत येतो न येतो तोच पुन्हा लागल्यासारखं वाटे. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाने लाजेने पाणी पिणंच कमी केलं. भाचीच्या लग्नालाही गेला नाही. वाटेत गाडी कुठे थांबवायला सांगणार, ही एकच काळजी. शिवाय मनात एक काळी शंका होती, ती तो तोंडावर आणत नव्हता.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याला सर्दी झाली. दुकानातून आणलेल्या गोळ्या त्याने दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या सकाळी लघवी पूर्ण अडली. ओटीपोट माझ्या कातड्यासारखं ताणलं, तो घामाने निथळत भिंतीला टेकला. त्याची बायको वनमाला त्याच्यासमोर उभी राहिली. "बस्स झाला. आता ह्या लपवूचा नाय हां!" म्हणाली आणि धावत जाऊन शेजारच्या धोंडूबुवांना घेऊन आली. दोघांनी त्याला रिक्षात घातलं.

पुढचं मी वनमालेच्या तोंडून ऐकलं. इस्पितळात नळी घालून लघवी काढली आणि दशरथ लहान मुलासारखा रडला, सुटका झाली म्हणून. डॉक्टर सुलक्षणा तरुण होत्या. तो त्यांच्याकडे बघेचना. शेवटी भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "कॅन्सर हा काय?"

"काका, तपासताना तसं वाटलं नाही. तरी ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून खात्री करू," त्या म्हणाल्या. "मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. पुष्कळ पुरुषांना होतं हे. सर्दीच्या काही गोळ्यांनी ते एकदम अडतं. आधी का नाही आलात?"

बाहेर आल्यावर धोंडूबुवा दशरथच्या कानाशी लागले, "माका पन सा वर्सां ह्योच त्रास हा रे. म्हणान तर माजे गजर लवकर आटपतत!"

"मेल्या, माका आधी सांगूचा नाय?" दशरथ म्हणाला आणि नळी लावलेली असतानाही हसला.

लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ऑपरेशन झालं. पोटावर टाकाही नाही. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. दीड महिना त्याला वजन उचलायची मनाई होती. ती संपली त्या दिवशी त्याने मला स्वतः खुंटीवरून काढलं, वाद्या ओढल्या, सुरात आणलं.

चाळीच्या पटांगणात भजन ठरलं. कणीक थापून झाली, धोंडूबुवांनी सूर धरला. तेवढ्यात दशरथने माइक हातात घेतला.

"सांताक्रूझाक मी बारी सोडून उठलंय, तेव्हा माज्या हाताक काय्येक झाला नव्हता. माका लघवीक लागली होती."

पटांगणात खसखस पिकली. वनमालेने पदर तोंडाला लावला, पण मान खाली घातली नाही. दशरथने माइक आणखी तोंडाशी आणला.

"हसूचा हा तेंनी हसा. पन पन्नाशीच्या फुडचे जे आज हसनत नाय, तेंनी डॉक्टराक दाखवा. मी वरीसभर लाजलंय आणि मरनाच्या दारात गेलंय."

मग त्याने माझ्यावर थाप मारली. सलग पावणेदोन तास आम्ही वाजलो. आयुष्यात इतका खणखणीत मी कधी बोललो नसेन.

भजन संपल्यावर माणसं माझ्याभोवती जमली. एकेक म्हातारा माझ्या अंगावरून हात फिरवी, "पखवाज झकास लागलो हां," म्हणे, इकडे तिकडे बघे आणि दशरथच्या कानाशी वाके, "त्या डॉक्टरणीचो वार खंयचो रे?" असे सात जण मी मोजले.

मित्रांनो, आम्हा वाद्यांची निगा तुम्ही राखता, वाद्या सैल झाल्या की लगेच ओढता. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही तसंच वेळेवर विचारा. तो "काय नाय" म्हणाला, तर आणखी एकदा विचारा.