थंड चाक

बेडगावच्या घाटात नूतननं ब्रेक दाबला आणि जीपमागचा ट्रेलर उजवीकडे फेकला गेला. समोरून बांबूचा ट्रक येत होता. तिनं ब्रेक सोडला, जीप सरळ केली, पुन्हा हलक्या पायानं दाबला. ट्रक अगदी घासून गेला. शेजारी तिचे वडील देवाजी बसले होते. कुरखेड्याला घरच्या अंगणात उतरल्यावर ते बोलले.

"उद्यापासून राजदीप चालवन गाडी."

ट्रेलर म्हणजे त्यांची फिरती खानावळ. बाजाराच्या गावी जायचं, फळी उघडायची, आणि नूतनची आई कांता आलुबोंडे तळायला बसायची. ही सगळी कल्पना नूतनची. लायसन तिचं. ट्रेलर लावलेली जीप बाजाराच्या गर्दीत मागं घेणं तिच्याशिवाय घरात कोणालाच येत नव्हतं. राजदीप हा देवाजींचा पुतण्या. त्याच्या नावावर दोन गोष्टी जमा होत्या, काळा चष्मा आणि मोठ्या बाबाची, म्हणजे देवाजींची, मर्जी.

"घाटात ट्रक कोनं चुकवला, बाबा?" नूतननं विचारलं.

"चुकवला कोनं ते नाई पाहाचं. समोर आनला कोनं ते पाहाचं."

"ट्रेलर ओढून राह्यला. किती दिवसापासून सांगून राह्यली मी."

"पोट्टीच्या जातीचा पाय. एकदम दाबते."

नूतन गप्प बसली. ही गप्प बसली की कांता गॅस बारीक करते. पुढं काय येणार ते तिला ठाऊक असतं.

ट्रेलर उजवीकडे ओढतो, हे पहिल्यांदा नूतननंच सांगितलं होतं. मग घरात आणि शेजारात प्रत्येकानं आपापलं शहाणपण दान केलं. शेजारच्या मुखरूभाऊंनी टायरमधली हवा कमी आहे म्हटलं. हवा भरली. कांतानं सिलिंडर उजव्या बाजूला आहे म्हणून वजन तिकडं जातं म्हटलं. सिलिंडर डावीकडे नेलं. शेवटी बिरजू मिस्त्री आला. या ट्रेलरला ब्रेकचं वेगळं पायडल नाही. जीप थांबली की ट्रेलर मागून रेटतो, त्या रेट्यानं तार ओढली जाते आणि दोन्ही चाकांतले ब्रेक लागतात. बिरजूनं विचार केला, ट्रेलर उजवीकडे ओढतो म्हणजे उजवा ब्रेक जास्त लागतो. त्यानं उजव्या चाकाची तार ढिली केली. सगळ्यांना पटलं. त्यानंतरच घाटातला हा प्रकार.

रात्रभर नूतनच्या डोक्यात तेच. सकाळी राजदीप चष्मा लावून आला तेव्हा ती अंगणातच उभी होती.

"घे चाबी. पुराड्याच्या रस्त्यानं सरळ ने. मी सांगन तेव्हा ब्रेक मारजो."

"मले शिकवून राह्यली का?"

"नाई. पाहून राह्यली."

देवाजी मागच्या सीटवर बसले, पुतण्याचं कौतुक पाहायला. मोकळ्या रस्त्यावर राजदीपनं ब्रेक मारला. ट्रेलर उजवीकडे गेला. पुन्हा मारला. पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा चष्मा नाकावरून घसरला.

"आता?" नूतन म्हणाली. "याचा पाय तं पोट्टीचा नाई ना."

देवाजी बाहेर पाहत होते. राजदीप म्हणाला, "मोठे बाबा, गाडीले हिच्या हाताची सवय लागली. गाडी बिघडवली हिनं."

नूतननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उतरली आणि ट्रेलरच्या उजव्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला. चटका बसला. डाव्या बाजूला गेली, तिथं आख्खा तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. ड्रम माठासारखा थंड होता.

तिच्या डोक्यात राग चढला तो इथं.

"उजवा चाक काम करून राह्यला," ती म्हणाली. "डावा काहीच करून नाई राह्यला. आन् तुमी सर्व्यांनी मिळून, जो काम करते त्यालेच ढिला केला. म्हून घाटात गाडी लवकर थांबली नाई."

बिरजूला फोन केला. तो पाने-पक्कड घेऊन आला, चूक ऐकून घेतली आणि डोकं खाजवत डावं चाक खोललं. ड्रम निघाला. आतले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, काळे आणि चकाकत होते. बिरजूनं बोट फिरवलं, वास घेतला, आणि ते बोट नूतनसमोर धरलं.

मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल.

हे तेल घरात एकाच माणसाच्या हाती असायचं. देवाजींची जवानी बैलबंडी हाकण्यात गेली. बंडीचं चाक करकरत गावात शिरलं तर लोक मालकाला हसायचे, म्हणून निघायच्या आधी आसाला तेल घालणं हे घरच्या कर्त्याचं काम. ट्रेलरचं डावं चाक ब्रेक लागला की किंचाळायचं. ड्रमच्या मागं एक भोक, त्याचं रबर कधीच पडलेलं. देवाजी दर बाजाराच्या सकाळी, सगळे चहा पीत असताना, त्या भोकात तेलाची धार सोडत होते. आवाज बंद झाला होता. ब्रेकही.

"बाबा, तुमी तेल टाकलं?"

"करकरत होतं. बाजारात लोक पाहे."

"मले विचारलं काऊन नाई?"

"बापानं विचारावं तुले?"

"माझ्या पायाले दोष देताना तं विचारलं नाई. मी रोज त्या घाटात मराले जाऊन राह्यली होती, आन् तुमी बाजूले बसून माझा पाय मोजून राह्यले होते."

देवाजींनी रुमाल काढला, घाम पुसला, रुमाल घडी करून ठेवला. चुकीची कबुली या घडीत बसली असेल तर असेल; बाहेर दिसली नाही.

बिरजूनं ड्रम पेट्रोलनं धुतला, दोन्ही चाकांना नवीन लायनर घातले, उजवी तार पुन्हा कसली. नूतननं जीप घेतली, वेगात नेली आणि ब्रेक मारला. ट्रेलर सरळ रेषेत थांबला. दोन्ही ड्रम सारखेच तापले होते.

"आता काय," राजदीप म्हणाला, "आता कोनीबी चालवन."

"हो," देवाजी म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "नूतननं लय तरास घेतला. आता आराम कर. कोर्चीच्या बाजाराले राजदीप नेइन."

कांता बिरजूसोबतच बाजाराची भांडी घेऊन घरून आली होती, ती ट्रेलरमध्ये ठेवत होती. ती थांबली.

नूतननं चाबी काढली नाही. ती स्टिअरिंगवरच बसून होती.

"बिरजूभाऊसमोर सांगा," ती म्हणाली, "का चूक तेलाची होती. माझ्या पायाची नोय."

"बापाले असं बोलते?"

"सांगा."

देवाजी रस्त्याकडे पाहू लागले. बिरजू पाने-पक्कड गोळा करण्यात फारच गुंतला.

कांता वळसा घालून आली आणि पुढच्या सीटवर बसली. देवाजींच्या जागेवर. दार लावून घेतलं.

"आई, बाबा मागं राहून राह्यले."

"त्याईले एस्टी आहे," कांता म्हणाली. "तेल गरम व्हाले वेळ लागते. चाल."

जीप निघाली. वळणावर नूतननं ब्रेक दाबला, ट्रेलर तिच्यामागं सरळ राहिला, आणि दोघी दिसेनाशा झाल्या.

देवाजींनी पुतण्याला कोर्चीच्या एस्टीचा टाइम विचारला. राजदीपला तो माहीत नव्हता. तो आजवर जीपनंच हिंडला होता, आणि जीप नूतन चालवायची.